अठ्ठेचाळीस मिनिटं

३ फेब्रुवारी, शनिवार

शाळेतून निवृत्त झालो तेव्हा खेळाच्या खोलीतल्या कपाटात एक कोरा हजेरीपट पडून होता. तो पिशवीत टाकून घरी आणला. तीस वर्षं पोरांना ‘शाळेची वस्तू घरी न्यायची नाही’ असा दम देणारा मी! चार वर्षं तो तसाच पडला होता, आज उघडला. लिहावंसं वाटेल त्या दिवशी यात लिहीन. नियम हजेरीपटाचाच. खाडाखोड करायची नाही. चुकलं तर चुकलेलं दिसू द्यायचं.

निमित्त असं की बायको काल मुलाकडून परत आली. आठ दिवस राहिली होती. मे महिन्यात त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, तिसरं. या खेपेला सांधाच बदलणार. वय छत्तीस. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासतो, उभं राहायचं काम झेपत नाही.

पिशवीतले कपडे काढता काढता ती म्हणाली, “घरी आला की बास्केटबॉल खेळतो हो.”

मी कप खाली ठेवला. “खेळतो?”

“कॉम्प्युटरवर. स्वतः नाही. एक टीम आहे त्याची, ती सांभाळतो. अकरा वर्षं झाली म्हणे. तिथे ‘डावखुरा’ म्हणतात त्याला.”

मुलाचं आणि माझं बोलणं आहे, नाही असं नाही. फोन मी उचलला की तो विचारतो, “आई आहे?” मी म्हणतो, “देतो.” तो घर सोडून गेल्यापासून सोळा वर्षं हे संभाषण अखंड चालू आहे.

दुपारी तिचा डोळा लागल्यावर फोनवर तो खेळ शोधला. टीम काढायला काही लागत नाही, फक्त टोपणनाव विचारतात. ‘बाकावरचा’ असं लिहून टाकलं.

१० फेब्रुवारी, शनिवार

खेळ समजला. यात चेंडू दिसतच नाही. खेळाडू विकत घ्यायचे, आठवड्याच्या तीन सामन्यांत कोणाला कुठे उभं करायचं ते आधी लिहून द्यायचं, आणि सामना आपोआप होतो. खरं काम सरावाचं. आठवड्याला एक जागा निवडायची आणि एकच कौशल्य. त्या जागेवर जो अठ्ठेचाळीस मिनिटं, म्हणजे एक पूर्ण सामना खेळेल, त्याला त्या आठवड्याचा सराव पूर्ण मिळतो. कमी खेळला तर कमी. दर शनिवारी सकाळी नऊ वाजता निकाल लागतो, कोण किती सुधारला. पोरांना वर्गात बसवून प्रगतिपुस्तकं वाटायचो त्याची आठवण झाली.

माझ्या वाट्याला बारा खेळाडू आले. अकरा जण टाकाऊ. बारावा अठरा वर्षांचा, उंच, अंगावर मांस नाही, लांबून फेक बरी. हा शूटिंग गार्ड होणार. म्हणजे जो रेषेबाहेरून टोपलीत टाकतो आणि समोरच्याच्या तशाच माणसाला टाकू देत नाही. मी त्याला काटकुळ्या म्हणतो.

बायकोला दाखवला. ती चष्मा लावून बघत म्हणाली, “काटकुळ्या तर तुम्ही आपल्या पोराला म्हणायचात की!” मी म्हटलं, “उंच पोरं सगळी काटकुळीच असतात.”

१८ फेब्रुवारी, रविवार

डावखुऱ्याच्या टीमला मैत्रीच्या सामन्याचं निमंत्रण धाडलं. वरच्या गटातला माणूस, खालच्याला कशाला विचारेल असं वाटलं होतं. अर्ध्या तासात होकार आला. एकसष्ट गुणांनी हरलो. इतका आनंद मला कुठल्या विजयाचा झाला नव्हता.

सामना संपल्यावर त्याचा निरोप आला. “तुझा तो गार्ड चांगला आहे. पण तीनही सामने पूर्ण खेळवतोस? अठ्ठेचाळीसच्या वर मिळत काही नाही. नुसता दमेल.”

मी लिहिलं, “दमल्याशिवाय तयार होत नाही कोणी.”

त्याने हसरा चेहरा पाठवला आणि लिहिलं, “हे वाक्य मी लहानपणी फार ऐकलंय.”

मुलाने मला ‘अरे-तुरे’ केलं. घरात ‘तुम्ही’ शिवाय हाक नव्हती. राग यायला हवा होता. मी तो निरोप चारदा वाचला.

९ मार्च, शनिवार

काटकुळ्याची लांबची फेक सहावरून आठवर. बचाव सात. दमसास अजून तीनच आहे, पण दमसासाला एक अख्खा आठवडा घालवणं जिवावर येतं. आधी हात तयार होऊ दे. शाळेतही मी तेच करायचो. जो येतो तोच घोटून घ्यायचा.

डावखुरा आता आपणहून लिहितो. बचाव कसा वाढवायचा, कोणत्या आठवड्यात काय घ्यायचं, सगळं बैजवार समजावतो. काही गोष्टी मीच त्याला शिकवलेल्या. पाय आधी, हात मग. मी म्हटलं, “हे तू कुठे शिकलास?” तो म्हणाला, “माझे वडील खेळाचे शिक्षक होते. शिकवायचे छान. तेवढं नाकारता येत नाही.”

छान. ‘तेवढं’ या शब्दाकडे मी लक्ष दिलं नाही.

२३ मार्च, शनिवार

काटकुळ्या जखमी. पडद्यावर लाल अक्षरांत: ‘गुडघा मुरगळला. विश्रांती तीन आठवडे.’ तीन आठवडे म्हणजे तीन सराव बुडाले. याच वयात वाढ भराभर होते, पुढे घोडं अडतं. जखमी माणसालाही मैदानात उतरवता येतं, खेळाचा तसा नियम आहे. दुखणं वाढायची भीती असते एवढंच.

डावखुऱ्याचा निरोप: “खेळवू नकोस रे. मी सांगतो म्हणून तरी नको.”

मी विचार केला. पडद्यावरचं चित्र ते. त्याला काय दुखणार आहे?

३० मार्च, शनिवार

खेळवला. सराव मिळाला, फेक दहा झाली. विश्रांती आता सात आठवडे दाखवते. हात दाखवून अवलक्षण.

संध्याकाळी डावखुऱ्याचा लांबलचक निरोप आला. तो इथे उतरवून ठेवतो, कारण खेळातले निरोप महिन्याने पुसले जातात.

“तुझ्या गार्डवरून मला माझ्या बापाची आठवण झाली. मी सतरा वर्षांचा, बाबांच्याच टीममध्ये. उपांत्य सामन्यात गुडघा मुरगळला. बाबा मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. तपासून झाल्यावर मला बाहेर बाकावर बसवलं आणि ते आत बोलत राहिले. बाहेर येऊन म्हणाले, मुका मार आहे, घट्ट पट्टी बांधली की झालं. चार दिवसांनी अंतिम सामना. तिसऱ्या भागात उडी मारली आणि आत काहीतरी तुटल्याचं मलाच ऐकू आलं. त्यानंतर मी कधी धावलो नाही. तुला काय वाटतं, आत डॉक्टर काय म्हणाले असतील?”

बायको म्हणाली, “चहा गार झाला हो.”

मग लिहिलं, “सगळेच डॉक्टर विश्रांती सांगतात. तुझ्या वडिलांनी तुझं भलंच बघितलं असेल. सतरा वर्षांचा होतास, तुलाही खेळायचंच असेल. थोडा हट्ट तुझाही असणार.”

उत्तर लगेच आलं. “होता ना. म्हणून तर ते म्हणाले त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला.”

मी खोटं काही लिहिलेलं नाही. तिऱ्हाईत माणसानेही हेच सांगितलं असतं.

१४ एप्रिल, रविवार

काटकुळ्याला बसवून ठेवलाय. तोवर त्याचा दमसास वाढवायचा उपाय नाही, बाकावर बसून काही वाढत नाही.

पण रोज बोलणं होतं. मुलगा बिनसाखरेची कॉफी पितो हे मला कळलं. जिना चढताना मधल्या वळणावर थांबतो आणि कोणी आलं तर फोन काढून बघतो, म्हणजे दमलाय असं वाटू नये. दुकानातली एक बाई त्याला आवडायची, तिला विचारायच्या आधीच तिचं लग्न ठरलं. यातलं बायकोलाही ठाऊक नाही. परवा ती त्याच्याशी फोनवर बोलत होती, “जेवतोस ना वेळेवर?” आणि मला वाटलं, अगं, त्याला हे काय विचारतेस, मला विचार.

सोळा वर्षांत जे जमलं नाही ते अडीच महिन्यांत जमलं. त्याला ‘बाकावरचा’ आवडतो. म्हणजे मीच की.

२७ एप्रिल, शनिवार

बायको ऑपरेशनसाठी तीन आठवडे जाणार. तिने न बघता विचारलं, “तुम्ही येताय?”

“त्याला चालेल?”

“विचारलं मी. म्हणाला, येऊ देत.”

त्याने काल रात्री बाकावरच्याला लिहिलं होतं: “बाबा येतो म्हणतायत. काहीतरी बोलायचं असेल त्यांना. इतक्या वर्षांनी उगाच नाही यायचे.”

मला काय बोलायचंय? मी त्याला बघायला चाललोय.

९ मे, गुरुवार

सोमवारी ऑपरेशन झालं, काल घरी सोडलं. मी आज पोचलो. दुसरा मजला, दोन खोल्या. खिडकीपाशी टेबल, त्यावर कॉम्प्युटर. एका बरणीत घासून बिघडलेल्या काचा. भिंतीवर काहीच नाही. मला वाटलं होतं निदान एखादा जुना फोटो असेल.

तो पलंगावर पाय उशीवर ठेवून होता. केस पुढून विरळ झालेत. “आलात?” म्हणाला. मी म्हटलं, “आलो.” मग मी बादली भरली. भरलेलीच होती, ओतून पुन्हा भरली.

इथे माझ्या फोनला नेट लागत नाही. शनिवारच्या आत काटकुळ्याची मिनिटं लावली पाहिजेत, तो येत्या आठवड्यात बरा होतोय, आणि तोवर त्याच्या जागेवर दुसऱ्या कोणाला तरी उभं करायचं आहे. बायकोला विचारलं. फ्रिजवर कागद चिकटवलेला होता, घरच्या वायफायचा पासवर्ड. तिने तो वाचून दाखवला आणि मी लावला. काम झालं.

११ मे, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

सकाळी बायको औषधं आणायला गेली. मी स्वयंपाकघरात भांडी विसळत होतो. कट्ट्यावर फोन थरथरला. डावखुरा. म्हणजे दाराआड पलंगावर पडलेला माझा मुलगा.

“म्हातारा आलाय. बादल्या भरतोय आणि ओततोय. खोलीत येतो, उशी हलवतो, जातो. त्याच्या तोंडाशी आलंय काहीतरी, दिसतंय मला.”

हात ओले होते. तसेच पुसले आणि लिहिलं, “वय झालं की माणसाला सुरुवात जमत नाही. तूच विषय काढून बघ.”

मग आतून हाक आली, “बाबा.”

मी गेलो. त्याने फोन उशीखाली ठेवला.

“बसा ना.”

मी खुर्चीवर बसलो.

“बाबा, एक विचारू? तेव्हा, अंतिम सामन्याच्या आधी, डॉक्टर तुम्हाला आत काय म्हणाले होते?”

तो शांतपणे विचारत होता. आवाज चढलेला नव्हता. उलट लहानपणी गणित अडलं की विचारायचा तसा. नवा सांधा घातलेला पाय समोर, टाके ताजे. अशा वेळी आजारी माणसाला जुनं कशाला उकरून द्यायचं? त्याला त्रासच झाला असता.

मी म्हटलं, “मुका मार म्हणाले होते. तुला सांगितलं होतं की मी तेव्हाच.”

तो माझ्याकडे बघत राहिला. नंतर म्हणाला, “बरं.”

मी उठून उरलेली भांडी विसळली. बाकावरच्याला पुढे निरोप आला नाही, म्हणजे त्याचं समाधान झालं असावं. ‘बरं’ म्हणाला. विषय मिटला, सुटलो.

१३ मे, सोमवार

काल दुपारी परत आलो. निघताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याने डोळे मिटून घेतले. औषधांची गुंगी असते.

रात्री बाकावरच्याला एकच ओळ: “विचारलं. जाऊ दे.” मी लिहिलं, “निदान विचारलंस, मन हलकं झालं असेल.” त्यावर काही नाही.

१८ मे, शनिवार

काटकुळ्या उभा राहिला. फेक दहा, बचाव आठ. या वयाचा असा गार्ड आख्ख्या खेळात दहाबारा जणांकडे असेल. मोठमोठ्या क्लबांच्या मागण्या येतायत.

मी ठरवलंय, हा मुलाला द्यायचा. मैत्रीचे दहा सामने झालेल्या दोन क्लबांना एकमेकांत थेट विक्री करता येते, बोलीबिली लागत नाही; आमचे दहा केव्हाच झाले. सगळ्यात कमी किंमत टाकायची. त्याच्या टीमला नेमकी हीच जागा अडते आहे, तीन हंगाम तो वरच्या चौघांत येऊन अडकतो.

त्याला लिहिलं तर म्हणाला, “वेडा आहेस का? एवढा घोटलेला माणूस फुकट देतोस?”

“मला उपयोग नाही. तुझ्याकडे नीट राहील.”

“असं करू नये. लोकांना संशय येतो.”

“येऊ दे की. चोरी थोडीच आहे?”

तीनदा नाही म्हणाला. चौथ्यांदा घेतला. “तुझ्यासारखा माणूस मला भेटला नाही रे,” असं लिहिलं त्याने. बायको घरात नाही, नाहीतर तिला काय झालं ते सांगावं लागलं असतं. डोळे पुसले आणि फिरायला गेलो.

२५ मे, शनिवार

निकालाऐवजी खेळाच्या पंचमंडळाचं पत्र. दोघांनाही तेच.

‘नऊ ते बारा मे या काळात दोन्ही टीम एकाच घरच्या जोडणीवरून चालवल्या गेल्या. आठवड्याभरात एका टीमने आपला सर्वांत मौल्यवान खेळाडू दुसरीला किमान किमतीत दिला. एकाच माणसाच्या दोन टीम असण्याला खेळात बंदी आहे. आपण दोन वेगळ्या व्यक्ती असाल तर आपलं परस्परांशी नातं काय ते सात दिवसांत कळवावं. दोघांनी एकमेकांची ओळख पटवल्यास विक्री रद्द होईल, टीम राहतील. अन्यथा दोन्ही टीम कायमच्या बंद करण्यात येतील.’

पासवर्ड. फ्रिजवरचा कागद. तेवढ्या एका सामन्याची मिनिटं लावली नसती तर आकाश कोसळणार नव्हतं. काटकुळ्या तेव्हा खेळतसुद्धा नव्हता!

दहा वाजता डावखुऱ्याचा निरोप: “हे काय आहे? तू माझ्या घरातून?”

मग: “कोण आहेस?”

मी फोन पालथा ठेवला. दुपारी दीड वाजता शेवटचा:

“नऊ ते बारा मे घरात तिघं होतो. आईला पासवर्ड लावता येत नाही.”

२८ मे, मंगळवार

बायको काल परतली. बॅग दारात ठेवून माझ्यासमोर बसली. तिला त्याने सगळं सांगितलंय.

“अकरा वर्षांची टीम हो ती त्याची,” मी म्हटलं. “मी लिहितो पंचांना. वाचेल टीम. एवढं चिडण्यासारखं नाही त्यात, मी काही वाईट करायला गेलो नव्हतो.”

“टीमचं नाही त्याला.” ती हातातल्या रुमालाच्या घड्या घालत होती. “तो मला म्हणाला, आई, टीम गेली तर गेली. मला एक मित्र होता गं. एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे वळला. पाय दुखावेल म्हणून, नाहीतर मी त्याला कुशीत…”

मी म्हटलं, “मित्र मीच होतो ना पण?”

ती उठून आत गेली.

३० मे, गुरुवार

पंचांना खुलासा लिहिला. सकाळी कागदावर लिहायला घेतला तो चार पानं झाला. मी त्याचा वडील आहे इथून सुरुवात केली आणि लिहिता लिहिता पार त्या डॉक्टरांच्या खोलीपर्यंत गेलो. टेबलाचा रंगसुद्धा लिहिला. कुठून आठवला कोण जाणे.

मग फोनवर उतरवायला घेतला तर खुलाशाच्या चौकटीत पाचशे अक्षरांची जागा. काटछाट केली. जागेचा प्रश्न, आणि डॉक्टरांचं प्रकरण पंचांच्या काय कामाचं? उरलं ते असं: ‘मी याचा जन्मदाता वडील आहे. वेगळ्या गावी राहतो. ऑपरेशननंतर भेटायला गेलो असता त्याच्या घरच्या जोडणीवरून टीम चालवली. खेळाडू प्रेमाने दिला. त्याला माझी ओळख माहीत नव्हती. चूक पूर्ण माझी. त्याची टीम ठेवावी.’

पाठवून टाकलं. चार पानं फाडून शेगडीवर जाळली. हजेरीपटातली नव्हती, सुटी होती.

आता त्याने फक्त ‘हो’ म्हणायचं आहे. एक शब्द. तेवढा तो म्हणेलच, अकरा वर्षांची मेहनत कोण पाण्यात घालतं?

२ जून, रविवार

पंचमंडळाचं पत्र.

‘आपला खुलासा मिळाला. दुसऱ्या टीमच्या मालकाकडे तो पडताळणीसाठी पाठवला होता. त्यांचं उत्तर असं: मी या माणसाला ओळखत नाही. त्यामुळे ओळख पटत नसल्याने दोन्ही टीम आजपासून बंद करण्यात येत आहेत.’

मी टीम उघडून पाहिली. उघडत नाही. त्याची उघडून पाहिली. राखाडी पडदा, त्यावर ‘हा क्लब अस्तित्वात नाही.’ काटकुळ्याही गेला. कोणाच्याच यादीत नाही. फेक दहा, बचाव आठ, दमसास तीन.

दोघांच्या टीम वाचवणारा एक शब्द होता आणि तोच त्याने उच्चारला नाही. इतका सूड? माझं रक्त तापलं. मी बायकोला म्हटलं, “बघ तुझ्या लेकाचे प्रताप. बापाला ओळखत नाही म्हणतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.”

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “पीळ कोणाचा ते तुम्हीच बघा.”

८ जून, शनिवार

बरोबर नऊला फोनचा गजर वाजला. निकालाचा गजर, बंद करायचा राहिला होता. मी तसाच बसून होतो. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “वाजतंय हो तुमचं.”

गजर बंद केला आणि तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. ती पुढच्या आठवड्यात त्याला बघायला जाणार आहे, एकटीच. मी म्हटलं, “तुला एक सांगायचंय. तेव्हाचं. डॉक्टरांनी मला आत एक कागद दिला होता.”

तिने गॅस बंद केला.

“सहा आठवडे खेळ पूर्ण बंद, असं लिहिलं होतं त्यावर. खाली सही, तारीख. मी वाचला आणि खिशात घातला. अंतिम सामना होता. त्याच्याशिवाय आपण हरलो असतो. मला वाटलं, एक सामना, अठ्ठेचाळीस मिनिटं सुद्धा नाहीत, चाळीसच. निघेल.”

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मला वाटलं ती रडेल, ओरडेल, पोळपाट फेकेल. ती फक्त ओट्याला टेकली.

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली.

“काय ठाऊक आहे?”

“कागद. तुमची पँट धुवायला काढली तेव्हा मागच्या खिशात सापडला. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी. पोरगं दवाखान्यात होतं.”

मी स्टूल ओढून बसलो.

“एकोणीस वर्षं तू बोलली नाहीस?”

“तुमच्याशी नाही बोलले. घर मोडलं असतं.” मग म्हणाली, “त्याला दाखवला होता. तो घर सोडून निघाला त्या दिवशी. तेव्हा म्हणाला, आई, तू काही बोलू नकोस. बाबा स्वतः सांगतील कधीतरी. ते सांगतील त्या दिवशी मी परत येईन.”

ती आंघोळीला गेली. मी हा हजेरीपट घेऊन बसलो आणि पानं मागे उलटली. म्हणजे मार्चमध्ये त्याने बाकावरच्याला विचारलं, आत डॉक्टर काय म्हणाले असतील, तेव्हा त्याला उत्तर माहीत होतं. आणि मेमध्ये पलंगावरून, पाय उशीवर ठेवून, त्याने मला विचारलं, तेव्हाही माहीत होतं.

अकरा मेचं पान काढलं. तिथे माझ्याच अक्षरात लिहिलंय: ‘बरं’ म्हणाला. विषय मिटला, सुटलो.

पेन उचललं होतं. खाली ठेवलं. हजेरीपटात खाडाखोड चालत नाही.